वाट चुकलेल्या नदीचे सरोवर

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ‘बॉम्बे बीच’ नावाचे एक खेडे आहे. नाव ऐकून कोणाला वाटेल, मोठे बंदर असेल, बोटी असतील, माणसांची गर्दी असेल. तसे काही नाही. २०२० सालच्या शिरगणतीत या गावात अवघी २३१ माणसे मोजली गेली. गावाभोवती वाळवंट आहे. वर्षाचा पाऊस तीन इंचही पडत नाही. आणि गावासमोर मात्र पाणी एवढे, की पलीकडचा काठ धुरकट दिसावा. हे पाणी समुद्राचे नव्हे. समुद्र डोंगरांच्या पलीकडे, फार दूर राहिला. उलट गंमत अशी, की हे गावच समुद्राच्या पातळीपेक्षा सव्वादोनशे फूट खाली वसलेले आहे.

या पाण्याला ‘सॉल्टन सी’ म्हणतात. ‘सी’ म्हणजे समुद्र. पण हे आहे सरोवर. लांबी सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदी २४ किलोमीटर असा त्याचा विस्तार भूगोलाच्या पुस्तकांत दिलेला असतो. आता तो कमी होत चालला आहे. पाण्याला बाहेर जायला वाट कोठेच नाही. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे ना, त्यातलीच ही जात. आलेले पाणी आत राहते, उन्हाने उडते आणि मीठ तेवढे मागे ठेवते.

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. सरोवराचा इतिहास कोण सांगणार? ते तर निसर्गाने केलेले, कोणाला ठाऊक कधीचे! परंतु या सरोवराची जन्मवेळ आपल्याला जवळजवळ महिन्यानिशी सांगता येते. ते कोणामुळे झाले, कोणत्या कामातल्या कोणत्या घाईमुळे झाले, हेही सांगता येते. कारण ते एका कालव्यातून जन्मले. म्हणून ज्यांच्या शेतात पाटाचे पाणी येते, त्यांनी ही हकीकत मुद्दाम ऐकण्यासारखी आहे.

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत, उत्तरेकडच्या थंड प्रांतांतून आणि कॅनडातून पुष्कळ लोक येथे ऊन खायला येतात. ते येतात तेच घर बरोबर घेऊन. मोटारीवर किंवा मोटारीमागे जोडलेले चाकांचे घर असते. आत बिछाना, चूल, पाण्याची टाकी, सगळे काही. त्याला आपण मोटारघर म्हणू. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाडीवर संसार बांधून माणसे निघतात, ती पोटासाठी. हे लोक निघतात ते मौजेसाठी. पण उघड्यावर मुक्काम टाकायचा म्हणजे पाणी बरोबर घ्यावे लागते आणि वाऱ्याची दिशा पाहून दार करावे लागते, एवढे दोन्हीकडे सारखेच. उन्हाळ्यात मात्र येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि ही फिरती वस्ती उठून जाते.

आज आपण असेच एक मोटारघर मनाने घेऊ आणि सकाळपासून रात्रीपर्यंत या सरोवराला एक प्रदक्षिणा घालू. वाटेत जे जे दिसेल, त्याचा इतिहास विचारत जाऊ.

सकाळ होते ती ईशान्य काठावर. येथे सरकारी उद्यान आहे आणि मोटारघरांना मुक्कामाची जागा आहे. पूर्वेच्या उघड्याबोडक्या डोंगरांवरून सूर्य वर येतो आणि पाणी निळेशार दिसू लागते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, वाळवंटात याहून सुंदर जागा नसेल. मग माणूस काठाकडे चालू लागतो. पायाखाली पांढरी वाळू कुरकुर वाजते. वाकून ओंजळीत घेतली, तर ती वाळू नव्हे, शिंपल्यांचे तुकडे आणि माशांची हाडे! पुढे पांढरट कडक थर लागतो. त्याच्यावर गाडी न्यावयाची नाही, हा येथला पहिला नियम. वरून टणक दिसतो, पण खाली चिखल असतो आणि चाके बसतात. बोटी पाण्यात सोडण्यासाठी पूर्वी बांधलेला धक्काही तेथेच आहे. त्याच्यापासून पाणी दूर गेले आहे. वारा फिरला की कुजका, गंधकासारखा वास येतो. एवढे पाणी, आणि तोंडात घेण्याजोगा एक थेंब नाही. समुद्राचे पाणी असते त्याच्या जवळजवळ दुप्पट ते खारट आहे.

आता गाडी सुरू करू. काठाकाठाने वर उत्तरेला जाऊन सरोवराच्या डोक्यावरून पश्चिमेला वळू. या बाजूस खजुराचे मळे लागतात. खजुराची ही जात गेल्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून आणि अरबी मुलखातून येथे आणून लावली. जवळच्या एका गावाचे नावही मक्काच आहे. मळे ओलांडून पुढे गेले की उजव्या हाताला सांता रोझा नावाचे डोंगर सुरू होतात. येथे एका खडकाळ टेकाडापाशी उतरावे आणि वर पाहावे.

डोंगराच्या अंगावर एक आडवी रेघ दिसते. रेघेच्या खाली खडक पांढुरके, चुनखडीचा जाड लेप चढल्यासारखे. वरचे खडक काळपट तांबूस. विहिरीच्या भिंतीवर किंवा हौदाच्या कडेला जुन्या पाण्याची खूण राहते ना, तशीच ही खूण. पण ती आज सरोवर जेथे आहे, त्याच्या पावणेतीनशे फूट वर आहे! म्हणजे कोणे एके काळी पाणी तेथवर होते. मग आता आपण म्हणालो की हे सरोवर कालव्यातून जन्मले, त्याचे काय?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. येथून दूर पूर्वेला कोलोरॅडो नावाची मोठी नदी वाहते. ती हिमाच्छादित डोंगरांत उगम पावून, लाल गाळ घेऊन, दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या आखातात जाते. हजारो वर्षे गाळ टाकून टाकून तिने आखाताच्या अंगावर एक आडवा बांध घातला. त्या बांधाच्या उत्तरेला समुद्राहून खोल अशी ही कोरडी वाटी उरली. नदी त्या बांधाच्या माथ्यावरून वाहणार. कधी ती दक्षिणेला समुद्राकडे झुकायची, तर कधी गाळाने वाट भरली की उत्तरेला या वाटीत उतरायची. वाटी भरली की मोठे गोडे सरोवर व्हायचे. नदीने पुन्हा पाठ फिरवली की ते काही दशकांत आटायचे. असे कितीदा तरी झाले. शेवटचे मोठे सरोवर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी आटू लागले.

हे सगळे पाहिलेली माणसे होती. या भागातल्या मूळच्या लोकांना काहुइया म्हणतात. त्या डोंगरउतारावर दगड अर्धवर्तुळात मांडून त्यांनी मासे धरण्याच्या खोड्या केल्या होत्या. त्या आजही दिसतात. एक रांग वर, दुसरी थोडी खाली, तिसरी आणखी खाली. पाणी जसजसे उतरत गेले, तसतशी माणसे मागे मागे गेली आणि खाली नवे दगड मांडत गेली. सरोवर आटल्यावर त्यांनी दुसरी उपजीविका शोधली. १८५३ साली विल्यम ब्लेक नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ रेल्वेच्या मोजणीबरोबर येथे आले. त्यांनी खडकावरची रेघ पाहिली, वाळवंटात गोड्या पाण्यातले शंख वेचले. काहुइया लोकांनीही त्यांना सांगितले, की येथे मोठे पाणी होते, त्यात मासे होते. ब्लेक यांनी त्या गेलेल्या सरोवराला काहुइयांचेच नाव दिले. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचा इतिहास दगडांत आणि तोंडी गोष्टींत होता, आणि तो खरा होता. शिक्षकबंधूंनी हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

ब्लेक आले तेव्हा वाटी कोरडी होती. तळाला मीठ होते. १८८४ पासून तेथे एका कंपनीचे मिठागर चालू होते आणि तळाजवळूनच रेल्वेचा रस्ता गेला होता. मग विसाव्या शतकाच्या तोंडाशी काही धाडसी माणसांच्या मनात आले: नदीने गाळ आणून टाकलेली एवढी सपाट, कसदार जमीन पडली आहे. उणे काय ते पाण्याचे. नदीची पातळी वर आहे, जमीन उतरती आहे. पंप नको, काही नको. नुसता कालवा काढला की पाणी आपल्या पायांनी चालत येईल!

विचार बरोबर होता. चार्ल्स रॉकवूड हे त्यातले प्रमुख. पुढे जॉर्ज चेफी हे कालव्यांचे अनुभवी इंजिनीयर त्यांना मिळाले. नदीच्या एका जुन्या कोरड्या पात्राचा उपयोग करून, मेक्सिकोच्या हद्दीतून वळसा घालून त्यांनी १९०१ साली पाणी आणले. ‘वाळवंट’ या नावाला कोण भुलणार? म्हणून चेफी यांनी मुलखाचे नाव बदलून ‘इंपीरियल व्हॅली’, म्हणजे जणू साम्राज्याचे खोरे, असे ठेवले. तीन-चार वर्षांत हजारो माणसे वस्तीला आली.

आता गाळाची गोष्ट ऐका. पाटाचे पाणी घेणाऱ्याला ती समजायला वेळ लागायचा नाही. नदीचे पाणी दाट. कालव्याचे तोंड आणि पहिले काही मैल गाळाने भरले. १९०४ साली पाणी पुरेना. पिके वाळू लागली, शेतकरी कंपनीच्या दारात येऊन बसले, दावे लावण्याची भाषा सुरू झाली. गाळ उपसायला पुरेशी यंत्रे नव्हती आणि पैसाही नव्हता. तेव्हा कंपनीने त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर सरहद्दीच्या दक्षिणेला नदीकाठच फोडला आणि पन्नास-साठ फूट रुंदीचा नवा चर सरळ कालव्याला जोडला. चराच्या तोंडाशी दरवाजा बसवला नाही. दरवाजाचा नकाशा मेक्सिकोच्या सरकारकडे मंजुरीला पडला होता. हिवाळ्यात नदीला पूर सहसा येत नाही. तोवर काम भागेल, मग चर बुजवून टाकू, असा हिशेब होता.

१९०५ च्या आरंभी पूर आला. एक नव्हे, लागोपाठ आले. चराच्या कडा खचू लागल्या. बुजवण्याचे पहिले प्रयत्न वाहून गेले. नदीला समुद्राकडे जाण्यापेक्षा वाटीकडे जाण्यात उतार जास्त. तिने बघता बघता तीच वाट धरली. साठ फुटांचा चर अर्ध्या मैलापर्यंत रुंदावला आणि अख्खी कोलोरॅडो नदी या कोरड्या वाटीत उतरू लागली. मिठागर बुडाले. रेल्वेने आपला रस्ता उचलून वर नेला, तर पाणी तेथेही आले. पुन्हा उचलला, पुन्हा आले. टोरेस-मार्टिनेझ या नावाने सरकारने काहुइयांना राखून दिलेली जमीन होती, तिचे सुमारे ११,००० एकर पाण्याखाली गेले. त्यांना त्याची भरपाई २००० साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, कायद्याने मंजूर झाली.

पाणी वाढत होते ही एक आपत्ती. दुसरी त्याहून वाईट होती. उतारावरून धावणारे पाणी मऊ माती कापू लागले आणि त्या कापाच्या तोंडाशी धबधबा तयार झाला. आपल्याकडे बांध फुटला की घळ वरच्या अंगाला सरकत जाते, तसाच हा धबधबा उलट दिशेने, शेतांवर चालून येऊ लागला. १९०६ च्या जूनमध्ये सरहद्दीवरच्या मेहिकाली गावाचा मोठा भाग त्याने खाल्ला. तो तसाच नदीपर्यंत पोचला असता, तर नदीचे पात्रच एवढे खोल गेले असते की कालव्याला पुन्हा पाणी चढले नसते. पाण्यासाठी आणलेली नदी पाणी कायमचे तोडून गेली असती.

अखेर सदर्न पॅसिफिक रेल्वेने काम हाती घेतले. तिचे प्रमुख ई. एच. हॅरिमन, इंजिनीयर हॅरी कोरी. नोव्हेंबर १९०६ मध्ये भगदाड बुजले, पण डिसेंबरात शेजारीच दुसरे पडले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि हॅरिमन यांच्यामध्ये तारा चालल्या, की खर्च कोणी करायचा? शेवटी भगदाडावरून लाकडी पूल टाकले, त्यांवर रेल्वे चढवली आणि मालगाड्यांमागून मालगाड्या दगड आणून ओतले. नदी वाहून नेईल त्याहून वेगाने दगड पडले पाहिजेत, हाच एक मार्ग होता. १० फेब्रुवारी १९०७ रोजी नदी वळली आणि पुन्हा समुद्राकडे गेली. मागे राहिले ते हे सरोवर. लोक म्हणाले, काळजी नको. येथले ऊन वर्षाला सहा फूट पाणी पिते; विसेक वर्षांत आटून जाईल.

ते का आटले नाही, हे पाहायला आता दक्षिणेला जाऊ. वाटेत ‘सॉल्टन सिटी’ अशी पाटी लागेल. तिची हकीकत संध्याकाळी सांगतो. दुपारी आपण दक्षिण टोकाला पोचतो आणि डोळ्यांना एकदम हिरवे दिसते. लसूणघास, कोबी, गाजर, सॅलडची पाने. मैलोगणती सपाट शेते. सुमारे पाच लाख एकर जमीन येथे भिजते आणि पाणी सगळे त्या एकाच नदीचे. १९१० च्या सुमारापासून येथे पंजाबातून गेलेले शेतकरीही राबत होते. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने अशा परक्यांना जमीन विकत घेण्याची बंदी होती, म्हणून दुसऱ्याच्या नावावर किंवा खंडाने शेती करावी लागे. त्यांच्यातलेच दलीपसिंग सौंद. बर्कलेच्या विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट घेऊनही त्यांनी या खोऱ्यात शेती केली. १९४६ चा कायदा झाल्यावर ते नागरिक होऊ शकले आणि १९५६ साली याच भागातून अमेरिकेच्या लोकसभेवर निवडून आले. त्या सभेत गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे आणि पहिलेच आशियाई गृहस्थ.

आता या शेतांच्या कडेला नीट पाहा. एका बाजूने पाट येतो. दुसऱ्या बाजूने खोल चर जातो. पाट सगळ्यांना दिसतो. चराकडे कोणी पाहत नाही. पण या मुलखाचा जीव त्या चरात आहे. कोलोरॅडोच्या पाण्यात विरघळलेले मीठ असते. जिभेला लागत नाही एवढेच. एक एकरावर एक फूट पाणी उभे केले, तर त्याच्याबरोबर साधारण एक टन मीठ शेतात येते. वर्षाला पाच-सहा फूट पाणी द्यायचे म्हणजे एकरी पाच-सहा टन. पीक पाणी पिते, ऊन पाणी पिते. मीठ कोणी पीत नाही. ते मुळांशी साचते. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत येथल्या कित्येक जमिनी खारावल्या आणि पाणथळ झाल्या. मग शेतकऱ्यांनी जास्तीचे पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढायला सुरुवात केली आणि १९२० नंतरच्या दशकात जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या घालू लागले. नळ्यांतून चर, चरांतून ओढे. आणि ओढे कोठे? उताराच्या शेवटी, या सरोवरात. १९२४ साली सरकारने सरोवराखालची जमीन शेतीचा निचरा घेण्यासाठीच राखून ठेवली.

म्हणजे नदीने पाठ फिरवल्यावर हे सरोवर शेतांच्या निथळीवर जगले. पाणी उन्हाने जाते, निथळीने भरून येते. परंतु प्रत्येक वर्षी त्या निथळीबरोबर सुमारे ४० लाख टन मीठ आत जाते आणि बाहेर कणभरही येत नाही. मिठाबरोबर शेताला घातलेली खते आणि औषधेही जातात. शेते वाचली, पण त्यांचे मीठ एकाच जागी साठत राहिले.

दिवस कलू लागला. आपण पूर्वेच्या बाजूने परत निघतो. वाटेत वाळवंटात सिमेंटचे उघडे चौथरे दिसतात आणि त्यांवर मोटारघरांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती. ती उठली, इमारती गेल्या, चौथरे राहिले. त्यावरून या वस्तीला ‘स्लॅब सिटी’, चौथऱ्यांचे नगर, असे नाव पडले. तेथून काठाकाठाने सूर्य मावळता मावळता बॉम्बे बीच येते.

सकाळी राहिलेली हकीकत आता सांगतो. १९५० नंतर या सरोवराला सुखाचे दिवस आले होते. आखातातून मासे आणून सोडले, ते भराभर वाढले. १९५५ साली सरकारी उद्यान उघडले. १९५८ साली सॉल्टन सिटीचे भूखंड आखून विकायला काढले. रस्ते केले, त्यांना नावे दिली. उत्तर काठावर नावांचा क्लब बांधला. सुट्टीच्या दिवशी बोटी, गाणी, मासेमारी यांची गर्दी उसळे. लोकांना वाटले, हे असेच चालणार.

१९७६ आणि १९७७ या लागोपाठच्या वर्षी वादळी पाऊस झाला. निथळीने आधीच चढलेली पातळी आणखी वाढली आणि काठावरची घरे, बागा पाण्यात गेल्या. बॉम्बे बीचच्या खालच्या आळीत मिठाने खाल्लेले घरांचे सांगाडे पुष्कळ वर्षे उभे होते. मिठाचे प्रमाण समुद्राच्या पुढे गेले. खतांनी शेवाळ माजले. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊ लागले. १९९२ साली सुमारे दीड लाख पाणपक्षी मेले. १९९६ साली हजारो पाणकोळी मेले. ऑगस्ट १९९९ मध्ये एका दिवसात ७६ लाख मासे मरून काठाला लागले. सकाळी आपल्या पायांखाली जी हाडे कुरकुरली, ती अशा दिवसांची.

तरीही पक्षी येत राहिले. कारण किनाऱ्याजवळची दलदल आणि पाणथळ राने कॅलिफोर्नियात शहरांसाठी आणि शेतीसाठी बहुतेक बुजवली गेली. उडत जाणाऱ्या पक्ष्यांना उतरायला दुसरी जागा उरली नाही. येथे चारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

आणि आता शेवटची गाठ. ती सोडवायला सर्वांत अवघड. २००३ साली एक मोठा करार झाला. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी पाणी जपून वापरावे आणि वाचलेले पाणी सॅन दिएगोसारख्या शहरांना द्यावे, असे ठरले. पाणी वाचवणे हे पुण्यकर्मच. पण शेतात पाणी कमी वाया गेले की चरात निथळ कमी, आणि निथळ कमी की सरोवर आटणार. १५ वर्षे सरोवरासाठी भरपाईचे पाणी सोडले. ते २०१७ च्या अखेरीस थांबले. तेव्हापासून काठ झपाट्याने मागे सरकतो आहे. हजारो एकर तळ उघडा पडला आहे. वारा सुटला की त्याची बारीक धूळ उडते आणि आजूबाजूच्या गावांत शिरते. या गावांत बहुतेक शेतमजुरांची वस्ती आहे आणि तेथल्या मुलांत दम्याचे प्रमाण फार मोठे आहे. २०२१ साली राज्य सरकारने दक्षिण टोकाला ४,००० एकरांहून अधिक जागेत उथळ तळी बांधायला घेतली, की धूळही दबावी आणि पक्ष्यांनाही आसरा व्हावा. उघड्या पडलेल्या तळाच्या मानाने ते काम लहान आहे, पण ते सुरू झाले आहे.

या सगळ्यात अपराधी कोण? १९०४ साली चर खणणाऱ्याला पिके वाचवायची होती. निचरा काढणाऱ्याला जमीन वाचवायची होती. भूखंड घेणाऱ्याला म्हातारपणी पाण्याकाठी घर हवे होते. करार करणाऱ्यांना तहानलेल्या शहरांना पाणी द्यायचे होते. ज्याने त्याने आपापल्या हंगामापुरता हिशेब केला आणि तो त्या हंगामापुरता बरोबर होता. आपल्या शेतातून निघालेले पाणी शेवटी कोठे जाऊन थांबते, याचा पुरता हिशेब मात्र राहून गेला. तो आज दम लागलेली मुले चुकवीत आहेत.

श्रोतेहो, हे सात समुद्रांपलीकडचे म्हणून सोडून देऊ नका. १८८० नंतरच्या दशकात नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीकडची कोरडवाहू जमीन उसाची झाली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत तेथल्या जमिनींवर मीठ फुलू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. १९१६ साली मुंबई सरकारने पाटाचे पाणी आणि शेती यांचा मेळ घालण्यासाठी पाटबंधाऱ्याचा एक खास विभाग उघडला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आज जगाला ठाऊक आहे, तिची सुरुवात ती. आणि आज सांगली-कोल्हापूरकडे, कृष्णाकाठच्या शिरोळ, वाळवा या तालुक्यांत जाऊन पाहा. एके काळची उसाची काळी जमीन क्षारपड होऊन पडलेली दिसेल. काही गावांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घातल्या आणि ती पुन्हा पिकाखाली आणली, हेही दिसेल. एकट्या शेतकऱ्याला ते साधत नाही. कारण माझा चर तुमच्या शेतातून जातो आणि तुमचा चर पुढच्याच्या.

शाळेत हा पाठ शिकवायला वाळवंट नको. मातीच्या दोन कुंड्या घ्या. एकीला खाली भोक ठेवा आणि दुसरीचे भोक लाखेने किंवा मेणाने बुजवा. दोन्हींत सारखी माती भरून त्यांत मेथी पेरा. लोटाभर पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून ते पाणी दोन्हींना रोज सारखेच घाला. भोकाच्या कुंडीखाली एक बशी ठेवा. काही आठवड्यांनी बुजवलेल्या कुंडीत मातीवर पांढरी बुरशीसारखी साय धरेल आणि मेथी पिवळी पडेल. दुसऱ्या कुंडीतली मेथी बरी दिसेल. तेव्हा मुलांना तिच्या खालची बशी दाखवावी. तीतले पाणी वाळून मागे काय राहिले ते बोटाने चाखायला सांगावे, आणि मग विचारावे, की आपल्या गावाची बशी कोठे आहे? पाट कोठून येतो, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असते. चर कोठे जातो, ते पाहायला एखाद्या रविवारी मुलांना घेऊन चराच्या कडेने शेवटपर्यंत चालत जावे.